मातीचा प्रयोग

इरा, मी पाठवलेल्या फोटोत पांढरा कागदी डगला घालून, हातात मिटलेली छत्री धरून उभे असलेले आजोबा कोण, आणि ते अंतराळात चालले आहेत का, असं तू परवा फोनवर विचारलंस. अन्वयला ते फॅन्सी ड्रेसमधले वाटले. दोघांचेही अंदाज चुकले. ते आमच्या कॉलनीच्या बी विंगमधले तावडे. मी फोनवर सांगायला बसले असते तर तुमची शाळेची वेळ झाली असती आणि गोष्ट अर्धी राहिली असती, म्हणून लिहूनच काढते. मराठी वाचायला वेळ लागेल. लागू दे.

तावडे वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसून निवृत्त झाले, पण हे मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "मी प्रॉम्प्टर." नाटकात नट वाक्य विसरला की पडद्याआड, म्हणजे विंगेत, उभं राहून त्याला पुढचा शब्द हळूच सांगतो तो प्रॉम्प्टर. तावड्यांचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले होते आणि संध्याकाळी कामगारांच्या हौशी नाटकांत काम करायचे. मुलगा विंगेतच वाढला. पुढे कंपनीच्या नाटकांना त्यांनी वर्षानुवर्षं शब्द पुरवले, पण स्वतः एकदाही रंगमंचावर आले नाहीत. कुणीतरी भूमिका देऊ केली तेव्हा म्हणाले, "मग मला कोण सांगणार?"

नाटकं संपली, सवय राहिली. तावडे कधी कुणाला मधे तोडत नसत. समोरचा अडला की ते थोडं थांबत, मान किंचित पुढे काढत आणि ओठ फारसे न हलवता पुढचा शब्द देत. गंमत अशी की माणूस तो शब्द घेऊन टाकायचा. एका लग्नात गुरुजी नवऱ्या मुलाचं गोत्र सांगताना अडखळले, तावड्यांनी मागून जे सुचलं ते गोत्र दिलं, गुरुजींनी ते उच्चारलं आणि मुलाचं घराणं तिथल्या तिथे बदललं. जोडपं सुखात आहे. एका पंधरा ऑगस्टला तुमचे आजोबा झेंड्याखाली "आज आपण इथे" म्हणून थांबले. "जमलो आहोत," तावडे कुजबुजले. तुमचे आजोबा अडलेले नव्हतेच, चष्मा पुसत होते. पण म्हणाले तेच.

हे प्रॉम्प्टिंग चालत नसे ते फक्त त्यांच्या घरात. नलूवहिनी, म्हणजे त्यांची बायको, मालवणकडच्या. त्या म्हणायच्या, "आज जेवायला..." आणि क्षणभर थांबायच्या.

"भजी," तावडे आशेने सुचवायचे.

"पडवळ," वहिनी वाक्य पूर्ण करायच्या.

तावडे तिसऱ्या मजल्यावर राहत. आमच्या कॉलनीला लिफ्ट नाही, हे तुम्हाला आठवत असेल, कारण मागच्या खेपेला तुमच्या बॅगा वर नेताना तुमचे बाबा काय काय बोलले ते मी लिहिणार नाही. नलूवहिनींचे गुडघे गेले होते. भाचीच्या साखरपुड्याला त्या कशाबशा उतरल्या आणि परत चढताना त्यांना प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी दारात खुर्ची टाकून बसावं लागलं. त्यानंतर त्यांनी खाली येणं सोडलं. गॅलरीत बसून सगळ्या कॉलनीशी बोलायच्या. हसतमुख बाई, पण एकदा मला म्हणाल्या, "भाजी वर येते, पेपर वर येतो, शेजारी वर येतात. जमीन तेवढी येत नाही."

म्हणून कॉलनी पाडून नवीन बांधायची ठरली तेव्हा तावड्यांइतका आनंद कुणाला झाला नसेल. सोसायटीचे सचिव तेच होते, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. बिल्डरचा माणूस, जतीन नावाचा हसरा, घाईतला तरुण, नव्या इमारतीचं मॉडेल घेऊन आला. त्यात बोटाएवढी लिफ्ट होती. तावड्यांनी ती हळूच वर सरकवून पाहिली.

"अंकल, मॉडेल आहे. तुटेल," जतीन म्हणाला.

"तिसऱ्यापर्यंत जाते का, तेवढंच बघतोय."

मग ते वर गेले आणि वहिनींना सगळं मॉडेल तोंडी सांगितलं. त्यात लिफ्टच जास्त होती.

आता मुख्य भाग. आमच्या कॉलनीच्या मागे एक रंगाचा कारखाना होता. कपड्यांचा रंग. तो केव्हाच बंद पडला, मालक कुठे गेले कुणाला ठाऊक नाही, फक्त मोडकी भिंत उरली. पाया किती खोल घ्यायचा ते बघायला बिल्डरने बी विंगच्या मागच्या कोपऱ्यात, त्या भिंतीलगत, एक खड्डा खणला. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी साठलं होतं आणि ते निळं होतं. अगदी लग्नातल्या शालूसारखं मोरपंखी. कॉलनीतल्या ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं, त्यांनी मोठ्या शहाणपणाने दुसरीकडे पाहिलं. घर नवं मिळणार असताना खड्ड्यात कोण डोकावतो? बिल्डरच्या नकाशात नेमका त्याच कोपऱ्यात लहान मुलांचा बगीचा होता, वाळू आणि घसरगुंडीसकट.

सभेत सुजाता गायकवाडने विषय काढला. सुजाता ए विंगमध्ये राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि तोंडावर बोलते. "जतीन, ते पाणी निळं का आहे रे?"

जतीन हसला. "मॅडम, टेन्शन नाही. आमच्या इंजिनिअरने बघितलंय. जुनी फॅक्टरी होती ना, तर पाण्यात थोडंसं..." तो चांगला शब्द शोधत होता.

मागच्या रांगेतून कुजबुज आली. "विष."

"थोडंसं विष आहे," जतीन म्हणाला.

मग जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. जतीन परत परत सांगत होता, मला कलर म्हणायचं होतं, कलर. तावडे इतक्या निरागसपणे छताकडे पाहत होते की मला हसू दाबायला रुमाल तोंडाला लावावा लागला.

शेवटी जतीन म्हणाला, ठीक आहे, आमची कंपनी माती तपासून देईल, आमच्याच लॅबमध्ये.

"म्हणजे नाटक लिहिणारा, नाटक करणारा आणि टाळ्या वाजवणारा एकच," तावडे म्हणाले. हे मात्र मोठ्याने, आणि त्यावर टाळ्या पडल्या.

सुजाताला माहीत होतं की अशा बंद कारखान्यांच्या आसपासची जमीन, तिच्यावर काही बांधण्याआधी, सरकारी पैशाने तपासून घेता येते. खर्च सोसायटीच्या आवाक्यातला नव्हता, कारखान्याचा मालक सापडत नव्हता आणि बिल्डरवर विश्वास नव्हता. उरलं सरकार. पण जतीनने जाता जाता सांगून ठेवलं की सरकारी तपासणी म्हणजे निदान दीड-दोन वर्षं, आणि तेवढं थांबायला कंपनीला वेळ नाही, दुसरीकडे प्लॉट पुष्कळ आहेत. म्हणजे तपासणी मागायची तर बिल्डर जाण्याची भीती. बिल्डर गेला की लिफ्ट गेली.

लोक तावड्यांना जिन्यात गाठून बोलू लागले. "काका, मोडता घालू नका. तुमच्याच घरी गरज जास्त ना?"

अर्जावर सही करायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. तावडे खुर्चीत बसत होते, उठत होते. "नलू, मी असं म्हणतो की..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "म्हणजे तुझ्या दृष्टीने..." आणि पुन्हा थांबले. जगाला शब्द पुरवणाऱ्या माणसाला स्वतःचा एक सापडत नव्हता.

वहिनी शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तपासणी आधी."

"अगं, पण लिफ्ट..."

"पोरां माती तोंडात घालतत. माझे गुडघे काय, वाट बघतले." मग माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाल्या, "तुम्ही चहा घेणार ना?"

तावड्यांनी सही केली. अर्ज त्यांनी स्वतः, सुंदर अक्षरात लिहिला होता. विषय: माती परीक्षण करून मिळण्याबाबत.

काही आठवड्यांनी एक सद्गृहस्थ कॉलनीच्या फाटकाशी आले. खांद्याला कापडी पिशव्या, पायांत धुळीने भरलेल्या चपला. आमच्या पार्किंगकडे, मग इमारतींकडे पाहून त्यांनी फार नम्रपणे विचारलं, "शेत कुठंशी आहे?"

कृषी खात्याचे होते ते. अर्ज टेबलांवरून फिरत फिरत, माती परीक्षण म्हटल्यावर, साहजिकच त्यांच्याकडे गेला होता. तावड्यांनी समजावून सांगितलं, खड्डाही दाखवला. गृहस्थ खड्ड्यापाशी बराच वेळ उकिडवे बसले. "हे माझ्या खात्यात बसत नाही," खिन्नपणे म्हणाले. पण इतक्या लांबून येऊन रिकाम्या हाताने जायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी फाटकाजवळच्या जास्वंदीखालची माती तरी भरून नेली. पुढे तिचा अहवाल आला. नत्र कमी आहे, शेणखत घाला, भेंडी चांगली येईल.

कॉलनीने तावड्यांचा पिच्छा पुरवला. "सचिव, यंदा पेरणी कधी?" "काका, बैल पार्किंगमध्ये बांधणार की टेरेसवर?" तावडे गंभीरपणे सांगायचे की टेरेसवर, तिथे हवा आहे. खत मात्र त्यांनी खरंच घातलं. जास्वंद इतकी फुलली की देवपूजेची फुलं विकत आणणं बऱ्याच जणांनी बंद केलं.

दुसरा अर्ज माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतला. "मराठीत माती म्हटलं की सरकारला शेतकरीच दिसतो," तावडे म्हणाले. हा अर्ज योग्य टेबलावर पोचला आणि आम्हाला वांद्र्याच्या कचेरीत सुनावणीला बोलावलं. तावडे, सुजाता आणि मी गेलो. जतीनही आला होता. समोर एक दमलेल्या मॅडम, शेजारी लिहून घेणारा कारकून, आणि आमच्यासारखे गावोगावचे अर्जदार. तावडे पुढे बसलेच नाहीत. कपाटाच्या आडोशाला, बाजूला उभे राहिले. सुजाता माझ्या कानात म्हणाली, "आजी, बघा. काकांनी विंग पकडली."

सुजाताने आमचं म्हणणं मांडलं. जतीनने सांगितलं की पाणी आता जवळजवळ पांढरं झालं आहे. मॅडम कागद उलटत म्हणाल्या, "निधी मर्यादित आहे. अर्ज खूप आहेत. तेव्हा यात प्राधान्य..." आणि चष्मा शोधू लागल्या.

"राहत्या वस्तीला," कपाट म्हणालं.

"प्राधान्य राहत्या वस्तीला," मॅडम म्हणाल्या. कारकुनाने लिहिलं.

मॅडमना चष्मा सापडला, तो डोळ्यांवर चढवून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आत्ता कोण बोललं?"

कुणीच बोललं नव्हतं. तावडे कपाटावरची धूळ बघत होते.

"मॅडम, लिहून झालंय," कारकून म्हणाला. "खोडू का?"

मॅडमनी थोडा विचार केला. "राहू दे. चुकीचं काय आहे त्यात?"

परत येताना रिक्षात सुजाता म्हणाली, "काका, तुम्हाला अटक व्हायला पाहिजे." तावडे म्हणाले, "मी फक्त शब्द दिला. वाक्य त्यांचं आहे."

मग तो फोटोतला दिवस. नमुने काढायला माणसं येणार असं कळलं तेव्हा तावड्यांनी फळ्यावर सूचना लिहिली. प्रॉम्प्टरच्या वहीत सगळं तुटक लिहायची पद्धत असते, तशी: "बी विंग. तावडे. माती उद्या सकाळी आठ वाजता. सर्वांनी यावे."

आम्हा कोकणातल्या आणि मुंबईतल्या माणसांना यात काही वावगं दिसलं नाही. पण सुजाताच्या सासूबाई सोलापूरकडच्या, आणि तिकडे 'माती' म्हणजे अंत्यविधी. कुणी गेलं की तिकडे मातीला जातात. सकाळी आठ वाजता गायकवाड आजी पांढरं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, हार घेऊन बी विंगखाली आल्या. त्यांच्यामागून सांगली-साताऱ्याकडची आणखी चार-पाच घरं, पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत, सगळे गंभीर. समोर तावडे छत्री घेऊन उभे.

आजी थबकल्या. वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अवो तावडे, तुमी तर हुबं हायसा की."

"म्हणजे?" तावड्यांना खरोखरच काही कळेना. "तुम्ही सगळे असे पांढऱ्यात कसे?"

"फळ्यावर लिवलंय. तावड्यांची माती आठ वाजता."

गॅलरीतून नलूवहिनींचा आवाज आला. "आजी, हार ठेवा बाजूला. कधीतरी लागतलोच."

आजींनी मात्र आणलेला हार परत नेणं अशुभ म्हणून तो तावड्यांच्या गळ्यात घातला. तेवढ्यात तपासणीची गाडी आली. आतून उतरलेल्या मंडळींना वाटलं, स्वागत समिती आहे, आणि त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. खड्ड्याजवळ जायचं तर कागदी डगला घालावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. तावडे म्हणाले, द्या. दिवसभर ते डगला घालून, भिंतीच्या आडोशाला उभे होते. मशीन जमिनीत उतरायचं, मातीची लांब कांडी बाहेर यायची, माणसं ती बरण्यांत भरायची आणि वर चिठ्ठी लावायची. एका जागी एक मुलगी नमुन्याचं नाव लिहिताना अडली तेव्हा तावड्यांची मान पुढे आलेली मी पाहिली. पण त्यांनी तोंड मिटून घेतलं. मी नंतर कारण विचारलं. म्हणाले, "तिथे मी सांगितलेलं तिने लिहिलं तर तपासणी कसली?"

त्यानंतरचे महिने वाईट गेले. जतीन येईना, फोन घेईना. ज्यांनी सभेत टाळ्या वाजवल्या होत्या तेच जिन्यात तोंड फिरवू लागले. कुणीतरी फळ्यावर 'भेंडी आली का' असं लिहून ठेवलं, आणि ते गमतीने लिहिलेलं नव्हतं. तावडे रोज संध्याकाळी वहिनींच्या शेजारी गॅलरीत बसत. पूर्वी खालच्यांच्या गप्पांना वरून शब्द टाकायचे, तेही बंद झालं.

अहवाल आला. बऱ्याचशा कॉलनीची जमीन ठीक होती. मागचा कोपरा खराब होता आणि ती खराबी बी विंगच्या खालपर्यंत आली होती. मुलांचा बगीचा तिथे करायचा नाही, ती माती खोलवर काढून न्यायची आणि त्यासाठी बी विंग सगळ्यांच्या आधी रिकामी करायची. बिल्डर गेला नाही. त्याला कागदावर कळलं होतं की कुठे बांधता येईल, आणि तेवढंच त्याला पाहिजे होतं. जतीन परत आला तेव्हा पहिल्यासारखाच हसत होता.

बी विंगचे लोक चिडले. आपल्याच सचिवाने आपल्याला आधी बाहेर काढलं. नवं घर मिळणार ते सगळ्यात शेवटी. तावडे सभेत उभे राहिले, म्हणाले, "तुमचं बरोबर आहे," आणि बसले.

बिल्डरने तोवर राहायला भाड्याच्या जागा दिल्या. तावड्यांना दहिसरला मिळाली, नदीकडच्या बाजूला, जुन्या चाळीत. सामानाचा टेम्पो गेल्यावर नलूवहिनींना सोसायटीच्या हात असलेल्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. प्रत्येक मजल्यावर त्या खुर्ची खाली ठेवायला लावत, ज्या दारात पूर्वी टेकल्या होत्या त्या दारातल्या बाईशी दोन शब्द बोलत आणि म्हणत, "चला." सुजाताचा नवरा घामाने निथळत होता. "काकू, गप्पा खाली गेल्यावर मारा ना." "खाली गेल्यावर मी निघालेच," वहिनी म्हणाल्या. तावडे एक पायरी पुढे, उलटे उतरत होते, दोन्ही हात पसरून.

नंतर फोनवर बोलणं होत राहिलं. पण प्रत्यक्ष पाहिलं ते मागच्या महिन्यात. माझ्या मावसबहिणीकडे दहिसरला गेले होते. रिक्षा मासळीबाजारापाशी अडकली, पुढे टेम्पो उभा होता. मी बाहेर पाहिलं तर कोळणींच्या टोपल्यांसमोर नलूवहिनी. काठी होती, पण उभ्या होत्या स्वतःच्या पायांवर. भाड्याची जागा तळमजल्यावर होती हे मला ठाऊक होतं. तळमजला म्हणजे काय, हे मात्र मला तिथे रिक्षात बसून कळलं. उंबरठ्यापलीकडे सरळ रस्ता, आणि रस्त्यापलीकडे बाजार.

त्या एका सरंग्याचा कल्ला उचलून बघत होत्या. "ह्यो कालचो."

"काय बोलतेस बाय," कोळीण म्हणाली. "सकाळी आलाय. डोला बघ त्याचा."

"डोळो बघूनच सांगतंय."

तावडे मागे पिशवी घेऊन उभे होते. मी हाक मारणार होते, पण ते कुणाकडेच बघत नव्हते. वहिनी पुढच्या टोपलीकडे वळल्या. मधे बर्फाच्या पाण्याचं डबकं होतं. त्यांनी काठी टेकली, साडी घोट्यापर्यंत उचलली, एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा, आणि कोळणीशी बोलत पुढे गेल्या. तावडे डबक्याच्या अलीकडेच राहिले. त्यांची नजर खाली, जिथे वहिनींच्या चपलेचा ओला ठसा उमटला होता तिथे होती.

"अहो," वहिनींनी वळून हाक मारली, "येतास मां? की थंयच रवतलास?"

टेम्पो हलला. माझी रिक्षा पुढे निघाली.